रंगाखालचं देवक

"घासू का ठेवू?" मिस्त्रीने विचारलं.

नगर-पुणे रस्त्याच्या कडेला पत्र्याचं गॅरेज. समोर मित्राची जीप, चाकं काढून विटांवर चढवलेली. एका बागायतदाराच्या गोठ्यामागे ती कित्येक वर्षं उभी होती. तिच्यावर कडबा रचला जायचा आणि खाली कोंबड्या बसायच्या. वरचा रंग पांढरा, त्याखाली आकाशी, त्याखाली तांबडं प्रायमर आणि सगळ्यांत तळाशी हिरवा. मिस्त्री वॉटर पेपर बादलीत बुडवून मागचा पत्रा घासत होता. रिफ्लेक्टरच्या शेजारी तीन रेघा वर आल्या होत्या. मधली सरळ, बाजूच्या दोन तिरक्या आणि तिन्ही वरच्या टोकाला मिळालेल्या.

"कावळ्याचा पाय," मिस्त्री म्हणाला. मग स्वतःच निकाल दिला, "मिलिट्रीची हाय. डिस्पोजलची."

महाराष्ट्रात हा शब्द आता मराठीच झाला आहे. सैन्याने काढून टाकलेल्या वस्तूंच्या विक्रीला इंग्रजीत जे म्हणत, ते खात्याच्या पाटीवरून उतरून आपल्याकडे विशेषण बनलं. डिस्पोजलचा कोट, डिस्पोजलचे बूट, डिस्पोजलची जीप. त्याचा धाकटा भाऊ म्हणजे 'कंडम'. फौजेतल्या तपासनिसाने वाहन निकामी ठरवल्याचा शेरा मारला, की तो शेरा गाडीबरोबर फाटकाबाहेर यायचा. पुढे गावात मोडक्या पंपाला, खोडकर बैलाला आणि क्वचित जावयालाही तो लागू झाला.

पण मिस्त्रीच्या कावळ्याच्या पायाचं कूळ या दोन्ही शब्दांपेक्षा फार जुनं आहे.

*

भारतीय सैन्याच्या गाडीच्या नंबरात वर टोक केलेला बाण असतो. फौजेत त्या नंबराला 'बीए नंबर' म्हणतात. बीए म्हणजे ब्रॉड अ‍ॅरो, रुंद फाळाचा बाण. बाणालगतचे दोन आकडे गाडी घेतल्याचं वर्ष सांगतात. हा बाण कशासाठी, याचं एक लाडकं उत्तर मोबाइलवरून फिरत असतं: गाडी उलटली तरी नंबर कुठून वाचायचा ते कळावं म्हणून. सोय खरी असेल, कारण खरं नाही. नंबरप्लेट जन्माला आली तेव्हा हा बाण काही शतकांचा म्हातारा होता.

तो इंग्लंडच्या राजाचा. तोफा, दारूगोळा, दोरखंड, शिडाचं कापड, पिंपं असा जो माल राजाच्या कोठारातला, त्यावर हा बाण ठोकत. सतराव्या शतकाच्या शेवटी दारूगोळा खात्याचा प्रमुख असलेल्या एका सरदाराच्या ढालीवर बाणाचा फाळ होता, त्यावरून ही खूण आली, अशी कथा सांगतात. पण बाण त्या सरदाराच्याही आधीपासून चालत होता. त्याच शतकाच्या अखेरीस कायदा झाला, की बाणाची खूण असलेला माल परवानगीवाचून ज्याच्याकडे सापडेल तो गुन्हेगार. चोरी सिद्ध करायची गरजच उरली नाही. खूण हाच पुरावा.

बाण समुद्रापलीकडेही गेला. १६९१च्या सनदेने मॅसॅच्युसेट्सच्या जंगलातली २४ इंच आणि त्याहून जाड खोडाची झाडं राजाने स्वतःकडे राखून ठेवली, कारण आरमाराला डोलकाठ्या हव्या होत्या. राजाचा माणूस जंगलात जायचा आणि कुऱ्हाडीचे तीन घाव घालून खोडावर बाण कोरायचा. जमीन आधी कुणा खासगी माणसाला दिलेली नसेल, तर तिच्यावरचं असं झाड राजाचं. वसाहतवाल्यांना हे किती झोंबलं असेल ते आपल्याला सांगायला नको. ज्यांच्या रानातल्या सागावर फॉरेस्टचा हातोडा पडलाय, ते जाणतात.

दारूगोळा खातं १८५५मध्ये बरखास्त झालं, बाण राहिला. साम्राज्यातल्या प्रत्येक घराने त्याला आपलं अक्षर जोडलं. कॅनडाने तो 'सी'च्या पोटात ठेवला, हिंदुस्थानच्या मालावर बाणाखाली 'आय' आला. आणि या वंशावळीतली सगळ्यांत गमतीची खूण म्हणजे विक्रीची. सरकारी बंदूक बाहेर विकायची ठरली, की पहिल्या बाणाच्या टोकाला टोक भिडवून दुसरा उलटा बाण ठोकत. दोन बाण समोरासमोर आले की मालकी संपली. खूण पुसायची नाही, तिच्या तोंडावर तिचंच उत्तर द्यायचं. घटस्फोटाचा इतका नेटका कागद क्वचितच कुणी लिहिला असेल.

आपल्याकडे ही अक्कल नवी नव्हती. अलाउद्दीन खिलजीने फौजेच्या घोड्यांना डाग द्यायची पद्धत घातली, शेरशहाने ती पुन्हा सुरू केली आणि अकबराने मनसबदारांच्या मागे तिचा बडगा लावला. कारण उघड होतं. पगार शंभर घोड्यांचा उचलायचा आणि हजेरीला आज याचं तट्टू, उद्या त्याचं तट्टू उभं करायचं, हा धंदा सर्वकालीन आहे. मराठी फौजेत तर घोडा कुणाचा यावरच माणसाची जात ठरायची. घोडा सरकारी असेल तर तो बारगीर, स्वतःचा असेल तर शिलेदार. जनावर गेलं आणि इंजिन आलं, तरी हिशेबनिसाचा प्रश्न तोच: तू कुणाचा?

*

बाण एवढंच सांगतो, की ही वस्तू सरकारी आहे. सरकारातल्या कुणाची, हे तो सांगत नाही. युद्धात खरी पंचाईत तिथे होते.

पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या चिखलात हजारो मोटारी आणि गाडे एकाच रस्त्याने जात होते. चौकातल्या पोलिसाला कळायला हवं, की हा तांडा कोणत्या डिव्हिजनचा आहे आणि त्याला डावीकडे वळवायचा की उजवीकडे. सरळ आकडा लिहावा तर तो पलीकडच्या हेरालाही वाचता येतो, आणि कोणती डिव्हिजन कुठे आली हे कळलं की शत्रूला पुढचा हल्ला कुठे होणार ते कळतं. तेव्हा असं काहीतरी हवं, की आपल्या माणसाला लांबून उमजावं आणि परक्याला ताकास तूर लागू नये. यातून चित्रं आली. गार्ड्स डिव्हिजनने डोळा घेतला, वेल्सवाल्यांनी ड्रॅगन, अल्स्टरवाल्यांनी लाल पंजा. युद्ध संपल्यावर ही चित्रं मागे पडली आणि दुसऱ्या महायुद्धात दुप्पट उत्साहाने परतली. फौजेच्या बोलीत त्यांना फॉर्मेशन साइन म्हणतात. मला विचाराल तर मी त्यांना देवक म्हणेन.

लग्नात मांडवाला बांधतो ते देवक. कुणाचा कळंब, कुणाचं मोराचं पीस, कुणाची पंचपल्लवं. नाव न सांगता कूळ सांगणारी खूण. दुसऱ्या महायुद्धातल्या हिंदी डिव्हिजनांची देवकं पाहिली की हे पटतं. चौथीचा लाल गरुड. पाचवीचा काळ्यावर लाल गोळा, म्हणून ती 'आगीचा गोळा'. सातवीचा सोनेरी बाण. आठवीची एका देठावरची तीन फुलं. सतरावीची काळी मांजर. एकोणिसावीचा हातातला खंजीर. विसावीच्या मुठीत तलवार. तेविसावीचा झुंजीचा कोंबडा. पंचविसावीचा इस्पिकचा एक्का. सव्विसावीचा वाघ. इम्फाळ आणि आराकानच्या रस्त्यांवरून त्या काळात एक सबंध प्राणिसंग्रहालय धावत होतं आणि अधूनमधून पत्त्यांचा डावही.

ही चित्रं फुटभराहूनही लहान असत. बहुतेकदा पुढच्या डाव्या मडगार्डवर किंवा बंपरवर आणि तशीच मागे. काही स्टेन्सिलने छापलेली, काही कंपनीतल्या हात बसलेल्या शिपायाने ब्रशने काढलेली. त्यामुळे एकाच डिव्हिजनचा कोंबडा एका गाडीवर मस्तवाल दिसे तर दुसऱ्या गाडीवर आजारी.

देवकाचं आयुष्य माणसापेक्षा लांब असतं. चौथीचा लाल गरुड १९४१मध्ये केरेनच्या डोंगरात लढला, १९४४मध्ये कसिनोला लढला. स्वातंत्र्यानंतर तो भारताकडे राहिला आणि १९६५मध्ये असल उत्तरच्या उसात पॅटन रणगाडे अडकले तेव्हा समोर हाच गरुड होता. सिक्कीममध्ये जाणाऱ्याला आजही गंगटोकला काळी मांजर भेटते. सातवीची गोष्ट सगळ्यांत विलक्षण. १९४७च्या वाटणीत ती डिव्हिजन पाकिस्तानच्या वाट्याला गेली. भारताने पुढे आपली सातवी उभी केली. आज पेशावरचीही 'गोल्डन अ‍ॅरो' आणि फिरोजपूरचीही 'गोल्डन अ‍ॅरो'. वाटणीत फौजेची भांडीकुंडीसुद्धा मोजून वाटली, पण देवकाचे दोन तुकडे होत नाहीत. दोन्ही भावांनी एकच देवक मांडवाला बांधलं.

*

कूळ कळलं, घर कळलं नाही. डिव्हिजनमध्ये दहा-पंधरा हजार माणसं आणि हजारो गाड्या. त्यातलं घर सांगायचं काम दुसऱ्या खुणेचं. ती म्हणजे रंगीत चौकोन आणि त्यात पांढरा आकडा. फौजेत हिला आजही टॅक साइन म्हणतात. साधारणपणे ही उजव्या हाताला असे.

या चौकोनाची भाषा शिकायला एक दुपार पुरते. रंग सांगतो काम, आकडा सांगतो तुकडी. तोफखाना वर लाल, खाली निळा. सिग्नल वर पांढरा, खाली निळा. इंजिनिअर नुसता निळा. रसद-वाहतुकीचा चौकोन तिरका कापलेला, अर्धा लाल अर्धा हिरवा. डिव्हिजनच्या मुख्यालयाचा काळा आणि त्यात ४०. टेहळणीवाल्यांना ४१, तोफखान्याच्या तीन फील्ड रेजिमेंटांना ४२, ४३, ४४. पायदळाच्या तीन ब्रिगेडना ज्येष्ठतेने तीन रंग: थोरलीला लाल, मधलीला हिरवा, धाकटीला तपकिरी.

चौकोनाच्या वर पांढरी पट्टी असेल तर तुकडी डिव्हिजनची नाही, तिच्या वरच्या कोअरची. पट्टी खाली असेल तर त्याहून वरच्या आर्मीची. म्हणजे दोन बोटं रुंदीच्या पट्टीने गाडी कुटुंबातून उचलून वरच्या घराण्यात बसवली. रणगाड्यांची तऱ्हा आणखी निराळी. बुरुजावर त्रिकोण म्हणजे ए स्क्वाड्रन, चौकोन म्हणजे बी, वर्तुळ म्हणजे सी आणि शंकरपाळा म्हणजे मुख्यालय. नगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये १९९४पासून ओळीने उभे असलेले रणगाडे बघताना मुलं तोफेची नळी बघतात. त्यांना बुरुजावरच्या या आकृत्या दाखवाव्यात. अंकलिपीच ती.

याच नगर जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनिओ नदीच्या काठावर जखमी सोबत्यांना त्यांनी वाहून आणलं, मशीनगनची ठाणी एकट्याने मोडली आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. त्यांची पलटण पाचव्या मराठ्यांची पहिली. ती आठव्या डिव्हिजनच्या २१व्या ब्रिगेडमध्ये होती. त्या डिव्हिजनच्या ब्रिगेडी तीन: १७, १९, २१. म्हणजे २१वी धाकटी. नियमाप्रमाणे तिच्या गाड्यांवर एका बाजूला तीन फुलं आणि दुसऱ्या बाजूला तपकिरी चौकोन. साताऱ्या-कोल्हापुराकडच्या, रायगडातल्या, नगरातल्या किती घरांत आजोबांचा इटलीतला फोटो भिंतीवर आहे, मागे एखादी गाडी आहे आणि गाडीवर काहीतरी डाग दिसतो आहे. तो डाग म्हणजे पत्ता आहे. अडचण एकच. फोटो काळा-पांढरा. त्यात लाल, हिरवा, तपकिरी तिन्ही सारखेच करडे दिसतात. रंग भाषा बोलतो आणि कॅमेरा बहिरा. मग आकडा, पट्टी, कापलेल्या चौकोनाची रेघ यांवरच भिस्त ठेवावी लागते.

गाडीवर याखेरीज आणखी पसारा असे. पुढे पिवळी गोल चकती आणि तिच्यात काळा आकडा. तो त्या गाडीचा पुलासाठीचा वर्ग. पुलावरही तसाच आकडा. गाडीचा आकडा पुलापेक्षा मोठा असेल तर थांबा. बॉनेटच्या बाजूला नोंदणी क्रमांक, आधी एक अक्षर. ब्रिटिश पद्धतीत एम म्हणजे मोटार आणि त्यात जीप आली, एल म्हणजे लॉरी, टी म्हणजे टँक, सी म्हणजे मोटारसायकल. अमेरिकन जीप असेल तर बॉनेटवर यूएसए आणि २०ने सुरू होणारा आकडा, कारण २० हा जीपच्या वर्गाचा. शेवटी एस असेल तर त्या गाडीच्या इंजिनाची खरखर रेडिओत येऊ नये अशी व्यवस्था केलेली आहे. पांढरा पंचकोनी तारा ही दोस्त राष्ट्रांची खूण आणि आकाशातल्या आपल्याच विमानाने बॉम्ब टाकू नये म्हणून ताऱ्याभोवती वर्तुळ.

आणि शेवटी खुद्द रंग. तोही बोलतो, कधी नको तेव्हा. एप्रिल १९४३च्या अखेरीस ट्युनिशियात चौथी हिंदी डिव्हिजन आठव्या आर्मीतून उचलून पहिल्या आर्मीत नेली. आठवीच्या गाड्या वाळवंटात दोन वर्षं भाजून वाळूच्या रंगाच्या झालेल्या, पहिलीच्या गाड्या गर्द हिरव्या. गरुडावर चिखल फासता येतो, पण सगळी गाडीच जिथे ओरडून सांगते की मी वाळवंटातून आले, तिथे चित्र झाकून काय होणार?

*

युद्ध संपलं आणि या सगळ्या देवकांवर हातोडा पडला. लिलावाचा.

जगात सुमारे ६ लाख ४० हजार युद्धकालीन जीप बनल्या. काही विलीसने, काही फोर्डने, एकाच नकाशावरून. त्यांतल्या बऱ्याच आसाम-बंगालमध्ये, लेडोच्या रस्त्यावर, तेव्हाच्या बिहारातल्या रामगढच्या छावणीत आणि कलकत्त्याच्या गोदीत उभ्या राहिल्या. परत न्यायचा खर्च गाडीपेक्षा जास्त. १९४६मध्ये अमेरिकनांनी हिंदुस्थानातला आपला उरलासुरला माल इथल्या सरकारला देऊन टाकला आणि सरकारने तो विकायला काढला. चहाचे मळे, खाणी, ठेकेदार, संस्थानिक, डॉक्टर ज्याने त्याने आपापल्या ऐपतीप्रमाणे उचलला. हाच माल पाहून या गाडीला इथे गिऱ्हाईक आहे हे लोकांच्या ध्यानात आलं. १९४५मध्ये स्थापन झालेल्या महिंद्र अँड मोहम्मद या कंपनीने दशक संपता संपता मुंबईत माझगावला विलीस जीप जोडायला घेतली. नावातले मोहम्मद, म्हणजे गुलाम मोहम्मद, तोवर पाकिस्तानचे अर्थमंत्री झाले होते आणि कंपनी महिंद्र अँड महिंद्र झाली होती. इथेही वाटणी.

स्वतंत्र भारताचं सरकार खुद्द गिऱ्हाईक होऊन या बाजारात उतरलं आणि पोळलं. १९४८मध्ये काश्मीरच्या लढाईसाठी लंडनमधल्या उच्चायुक्तालयामार्फत दुरुस्त केलेल्या जुन्या २,००० जीपचा सौदा झाला. आल्या त्या १५५, आणि त्याही फौजेने नाकारल्या. उच्चायुक्त होते व्ही. के. कृष्ण मेनन. स्वतंत्र भारतातला पहिला गाजलेला खरेदीघोटाळा कशाचा, तर डिस्पोजलच्या जीपचा.

पुढच्या पिढीचा माल घरचाच. जबलपूरचे शक्तिमान ट्रक, निसानच्या परवान्याने तिथेच बनलेली जोंगा, नंतर जिप्सी. फौजेने कंडम केल्या की लिलावात यायच्या. बंगालमधल्या पानागढला युद्धकाळी विमानतळ होता. तिथे पुढे फौजेच्या जुन्या गाड्यांचा बाजारच वसला. मंडी डबवालीचे कारागीर या गाड्या उघड्या करून, रुंद टायर चढवून पंजाब-हरियाणाच्या लग्नांना पाठवू लागले. आपल्याकडे डिस्पोजलची जीप साखर कारखान्याच्या स्लिप-बॉयपासून निवडणुकीच्या कर्ण्यापर्यंत सगळीकडे राबली. हॉर्न सोडून तिचं सगळं वाजत असे.

आता या बाजारातली एक गोष्ट लक्षात घ्यावी. मोटार वाहनांच्या १९८९च्या केंद्रीय नियमांत स्पष्ट आहे, की ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाडीला; इतरांनी तो द्यायचा नाही. लिलावातून गाडी सुटली, की तिला फौजेचा रंग टाकून पासिंगला जावं लागतं. रंग टाकायचा म्हणजे काय करायचं? शिस्तीत करायचं तर जुना रंग पत्र्यापर्यंत खरवडायचा. पण लिलावात गाडी घेणारा माणूस काटकसरी असतो. तो पेंटरला सांगतो, वरून मार. पेंटर वरवर कागद फिरवतो, प्रायमर मारतो आणि पांढरा किंवा निळा चढवतो. कायद्याला देवक झाकायचं होतं. झाकलं. आणि झाकल्यामुळेच ते टिकलं. उन्हापावसात उघडं राहिलं असतं तर पाच-दहा वर्षांत उडालं असतं.

म्हणून जुन्या गाड्या नीट करणारे जाणकार रंग काढायचं औषध लगेच हातात घेत नाहीत. ते सगळे थर एकदम उचलतं, आणि मग हाती फक्त पत्रा राहतो. ते बारीक वॉटर पेपर घेतात, साबणाचं पाणी घेतात आणि हातभर जागा तासभर घासतात. प्रत्येक थराची कडा नकाशातल्या उंचीच्या रेघांसारखी गोल गोल उमटते. शोधायचं कुठे, ते ठरलेलं: दोन्ही मडगार्ड, बंपर, मागचा पत्रा, बॉनेटच्या बाजू. आधी संध्याकाळचा तिरका उजेड किंवा बाजूने धरलेली बॅटरी. ब्रशने काढलेल्या आकड्याला जाडी असते, ती तीन थरांखालूनही सावली पाडते. कधी आकडा स्वतः उडालेला असतो, पण त्याच्याखालचा हिरवा उन्हापासून वाचल्यामुळे गडद राहिलेला असतो. मग आकडा नसूनही दिसतो, भिंतीवरचा जुना फोटो काढल्यावर मागे उरणाऱ्या चौकटीसारखा.

*

आमच्या जीपला आम्ही तीन शनिवार दिले.

आधी तिचा जन्म पाहिला. रेडिएटरखालचा आडवा दांडा नळीचा असेल तर विलीस, उलट्या पन्हळीसारखा असेल तर फोर्ड. आमचा पन्हळीचा. बोल्टांच्या डोक्यांवर वायरब्रश फिरवला, तर बारीक 'एफ' दिसू लागला. हेन्री फोर्डच्या माणसांना आपला बोल्टसुद्धा विलीसच्या नावावर जाऊ द्यायचा नव्हता. बाणाची कथा इथेही आलीच: तू कुणाचा?

मागचा बाण हिरव्याच्या वरच्या थरात होता. त्या थराखाली आणखी एक हिरवा निघाला, जरा तपकिरीकडे झुकणारा. बॉनेटच्या बाजूला त्या तळच्या हिरव्यावर 'एम' आला आणि पुढे आकड्यांचे पाय. माथी उडाली होती. म्हणजे ही जीप आधी ब्रिटिश पद्धतीच्या खात्यावर होती, मग वरून रंग चढला आणि बाणाखाली आली. राज्य बदललं तेव्हाही कुणीतरी सांगितलं असणार, वरून मार.

तिसऱ्या शनिवारी उजव्या मडगार्डवर चौकोन निघाला. तिरका कापलेला. अर्धा लाल, अर्धा हिरवा. मी उकिडवा बसलो होतो तो तिथेच खाली बसलो. रसद-वाहतूक, रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअर. चौकोनाच्या वरच्या कडेला मळकट पांढरी पट्टी. म्हणजे कोअरची तुकडी, डिव्हिजनची नाही. मधला आकडा दोन अंकी असावा, पण तिथे कुणीतरी कधीतरी आरसा बसवायला भोक पाडलं होतं आणि भोकाभोवती गंज पसरला होता. तुकडी गेली.

तरी कोअर तर कळेल. कोअरचं चित्र डाव्या मडगार्डवर असायला हवं. ब्रह्मदेशच्या लढाईत चौथ्या कोअरचं देवक होतं लाल पटावर धावून येणारा काळा हत्ती. मी मनातल्या मनात हत्ती काढूनच ठेवला होता. इम्फाळ, मग इरावती, मग मेक्तिला आणि त्या सगळ्या धुळीत तेलाचे डबे वाहणारी ही जीप.

मिस्त्रीने डाव्या मडगार्डवर पान्याच्या दांड्याने टकटक केली. कान दिला. मग उजव्यावर केली. मग माझ्याकडे बघून मान हलवली.

"ह्यो पत्रा नंतरचा हाय, सायेब. नवा बशिवलाय. उसाच्या चिखलात जुना कुजला आसंल."

घासून पाहिलं. पांढरा, आकाशी, प्रायमर आणि त्याखाली थेट चकचकीत पत्रा. हिरवा नव्हताच. हत्ती होता की नव्हता, हे ज्या पत्र्याला ठाऊक होतं तो भंगारात जाऊन कधीच वितळला होता. हाती राहिलं ते एवढं: फोर्डची जीप, युद्धातली, रसदेच्या कामाची, कुठल्याशा कोअरची, पुढे बाणाखाली आलेली. माणसाच्या बाबतीत आपण इतकं कळल्यावर म्हणतो, ओळख पटली. पण देवक कळलं नाही.

मित्राला गाडी रस्त्यावर आणायची होती. हिरवा रंग देता येत नाही, हे त्याला माहीत होतं. चौकोन तसाच उघडा ठेवून वर लॅकर मारावं, असा एक विचार झाला. पण दोन पावसाळ्यांत लॅकर पिवळं पडून पापुद्रे धरतं आणि पापुद्र्याबरोबर खालचंही उचलतं. मिस्त्री बादली घेऊन उभा होता. पाणी गढूळ हिरवं झालं होतं. त्याने पुन्हा तोच प्रश्न विचारला.

आम्ही चौकोनाचे, बाणाचे आणि बॉनेटच्या 'एम'चे फोटो काढले. शेजारी फूटपट्टी ठेवून, आधी सरळ उजेडात, मग तिरक्या.

"घासू नका," मित्र म्हणाला. "वरून मारा."